खिशात ठेवायचा चाकू कुठला घ्यावा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या विळीच्या आणि सुरीच्या धारेबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातल्या बऱ्याच जणांना विचारायचं होतं भलतंच, म्हणजे रोज खिशात नाहीतर ऑफिसच्या बॅगेत ठेवायचा घडीचा चाकू. कळवा, नौपाडा, तुर्भे, खारघर, ऐरोली, सगळीकडून पत्रं आहेत. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये पोलादाशीच रोजचा संबंध असायचा, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना.

दादा, मी कळव्याला राहतो, महापेला आयटी कंपनीत आहे, रोज ट्रान्स हार्बरने घणसोलीला उतरतो. खूप व्हिडिओ बघून झाले, आता चाकू घ्यायचाच आहे. एक काळा टॅक्टिकल फोल्डिंग चाकू कार्टमध्ये टाकून ठेवलाय, चार इंच पातं, बटण दाबलं की फटकन उघडतो, मागे काच फोडायचं टोक पण आहे. बजेट तीन हजार. घेऊ का?

नको घेऊस. कार्टमधून काढून टाक आणि मग पुढचं वाच.

आधी एक काम कर, आठवडाभर तू काय काय कापतोस ते बघ. कुरिअरच्या खोक्याची टेप, फरसाणची पिशवी, नवीन शर्टाचा टॅग, सुतळी, केबल टाय, दुपारी डब्याबरोबर एखादं सफरचंद नाहीतर पेरू. यातल्या एकाही कामाला चार इंच पातं लागत नाही रे. अडीच इंच, म्हणजे साडेसहा-सात सेंटिमीटर, एवढं पातं भरपूर झालं, कलिंगड सोडून सगळं कापून होतं. आणि लांबीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाडी, जी कोणी बघतच नाही. ते टॅक्टिकल चाकू असतात ना त्यांचं पातं साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतं, त्याने सफरचंद कापलं जात नाही, पाचरीसारखं मध्ये घुसून कडकन दुभंगतं. साध्या स्विस चाकूचं पातं दोन मिलिमीटरच्या आसपास असतं आणि धारेकडे निमुळतं होत जातं, म्हणून ते फळात सुळकन उतरतं. दोन्ही चाकू सारख्याच धारेचे असले तरी कापायला पातळ पातंच बरं पडतं.

आता बटणाबद्दल, आणि हे नीट वाच कारण इथे गडबड झाली तर निस्तरायला वकील लागतो. ऑनलाइन सगळे एकच वाक्य फिरवतात की नऊ इंचाच्या आतला चाकू भारतात बिनधास्त चालतो. हे अर्धंच खरं आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे-चाकू शस्त्रांच्या यादीत धरलेत आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्यातल्या कामासाठी बनवलेले वगळलेत. पण आपल्याकडे याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आहे, त्याचं कलम ३७. ठाणे असो की नवी मुंबई, सणवार, निवडणुका, मोर्चे असले की पोलीस आयुक्त या कलमाखाली मनाई आदेश काढतात, पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते आणि कोणी वाचत नाही. त्या कलमात तलवारी, भाले, बंदुका, लाठ्याकाठ्या यांच्या रांगेत चाकू-सुरे पण आहेत, आणि वर इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू. तिथे इंच मोजलेले नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. असा आदेश चालू असताना काळा, चार इंची, फटकन उघडणारा चाकू घेऊन ठाणे स्टेशनवर तपासणीत सापडलास तर मी फक्त पेरू कापतो हे कोण ऐकून घेणार? त्या दिवसांत साधा चाकूसुद्धा घरी ठेवायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

अजून एक आकडा तुझ्या वाचनात येईल, ७.६२ सेंटिमीटर. तो दिल्लीचा आहे, १९८० च्या अधिसूचनेतला, बटणाच्या, स्प्रिंगच्या आणि गरारीदार, म्हणजे दातेरी खटक्याच्या, चाकूंसाठी, लांबी ७.६२ आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त. महाराष्ट्राला तो लागू नाही, पण ऑफिसच्या कामाला दिल्लीला जाणार असलास तर लक्षात ठेव. बटणाचा चाकू घेतलाच नाहीस तर हा विचारच करायला नको.

मग घ्यायचं काय? लॉक नसलेला, नखाने खाचेत धरून उघडायचा साधा चाकू, ज्याला स्लिप जॉइंट म्हणतात. मागे एक पट्टीची स्प्रिंग असते, ती पातं उघडं पण धरून ठेवते आणि मिटलेलं पण. तुझ्यासाठी मी व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ९१ मिलिमीटरवाला (ही मिटलेल्या चाकूची लांबी) सांगेन, त्यातला टिंकर. त्याच मापाचा स्पार्टन पण आहे, पण त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रू असतो, तो आपल्याकडे किती जणांना लागतो? टिंकरमध्ये त्याच जागी फिलिप्सचा, म्हणजे फुलीच्या टोकाचा, स्क्रू ड्रायव्हर आहे, तो चष्म्याचा सोडून घरातल्या बऱ्याच स्क्रूंना चालतो. कात्री हवी असेल तर सुपर टिंकर, आणि खरं सांगतो, छोटी कात्री एकदा हाताशी असली की चाकू उघडायची वेळच कमी येते. त्या कंपनीची सुरुवात १८८४ ची, कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी केलेली, १८९१ मध्ये त्यांनी स्विस सैनिकांना चाकू दिले आणि १८९७ मध्ये हा हलका ऑफिसरचा चाकू काढला. तो मूळ आराखडा आजही बराचसा तसाच आहे, कारण तो कामाचा होता.

लाल रंगाचाच घे. ऑफिसात काढलास तर शेजारचा दचकत नाही, उलट म्हणतो जरा देतोस का. काळ्या चाकूला असं कोणी म्हणत नाही. आणि लोकलच्या डब्यात, गर्दी असो नसो, उघडायचा नाही. संत्रं हाताने सोल.

आमचं तुर्भ्याला गोडाऊन आहे. पोरं दिवसभर खोकी फोडतात, पॅकिंग पट्ट्या कापतात. सगळ्यांना एकेक चांगला फोल्डिंग चाकू घेऊन द्यावा असं मनात आहे, दोघांना आधी हाताला लागलंय म्हणून विचारतोय.

फोल्डिंग चाकू नका देऊ, शेठ. तुमचं काम कटरचं आहे. पुठ्ठ्यात बारीक माती-वाळूचे कण असतात, ते कितीही भारी पोलाद असलं तरी धार खातात, मग बोथट चाकू पोरं जोर लावून ओढतात आणि लागतं. म्हणूनच तर पातं मोडत जायचा कटर निघाला, जपानमध्ये १९५६ ला, ओसाकाच्या योशियो ओकादांनी शोधला, त्याचीच पुढे ओल्फा कंपनी झाली. फुटलेल्या काचेची ताजी कड आणि खाचा पाडलेली चॉकलेटची वडी, या दोन गोष्टींवरून त्यांना ते सुचलं. धार गेली की एक तुकडा मोडायचा, पुढचा कोरा.

१८ मिलिमीटरवाला जाड कटर घ्या, ९ चा बारीक कागदासाठी असतो. पातं एक-दोन खाचा एवढंच बाहेर, म्हणजे खोकं फुटतं पण आतला माल चिरला जात नाही. तुकडा पकडीने मोडायचा आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा, कचऱ्याच्या पिशवीत नाही, नाहीतर सफाईवाल्याचा हात कापतो. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांसाठी हूकसारखं वाकडं पातं असलेला वेगळा कटर मिळतो, त्याचं टोक मालात घुसत नाही. आणि ज्या हातात कटर नसतो त्या हातात ग्लोव्ह, कारण जखमी तोच होतो. आत ओढून घेणारा स्प्रिंगचा कटर जरा महाग पडतो पण तुमच्यासारख्या ठिकाणी तोच द्या, हात सुटला की पातं आत.

नमस्कार. माझी मुलगी खारघरहून बेलापूरला क्लासला जाते, परत यायला रात्रीचे नऊ होतात. तिच्या पर्समध्ये सेफ्टीसाठी छोटा चाकू ठेवावा असं वाटतं. मुलींना हाताळता येईल असा कुठला चांगला?

ताई, तुमची काळजी कळते मला, पण यासाठी मी कुठलाच चाकू सांगणार नाही. घाबरलेल्या माणसाला पर्समधून चाकू काढून, नखाने खाच शोधून, उघडून, नीट धरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समोरचा दोन पावलं पुढे आलेला असतो. ज्याच्या अंगात जास्त ताकद आहे त्याच्या हातात तोच चाकू जायला वेळ लागत नाही, आणि लॉक नसलेला असेल तर झटापटीत तिच्याच बोटांवर मिटतो. शिवाय कायदा वस्तू कशासाठी जवळ बाळगली हे पण बघतो, शस्त्र कायद्यातली शस्त्राची व्याख्याच मुळी हल्ला किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तू अशी आहे. फळं कापायला ठेवला आणि संरक्षणासाठी ठेवला या दोन उत्तरांत फार फरक पडतो.

तिच्या फोनमध्ये ११२ आणि तुमचा नंबर पहिल्या स्क्रीनवर ठेवा, लाईव्ह लोकेशन चालू करून द्या, पर्सला मोठ्या आवाजाची शिट्टी नाहीतर छोटा अलार्म बाहेरच्या बाजूला लटकवा जो न शोधता हाताला लागेल. क्लासमधून त्याच रस्त्याने येणाऱ्या दोघी-तिघी असतील तर त्यांना एकत्र निघायला सांगा. रिक्षात बसताना नंबरप्लेटचा फोटो पाठवायचा, रोज, न कंटाळता. मला मनापासून भीती वाटते की चाकू पर्समध्ये आहे या भरवशावर ती एखाद्या सुनसान रस्त्याने शॉर्टकट मारेल, आणि तो भरवसाच जास्त धोक्याचा.

कुरिअर फोडायला आणि सफरचंद कापायला तुम्हालाच हवा असेल तर ५८ मिलिमीटरचा तो छोटा क्लासिक घ्या, किल्ल्यांना लावायचा, त्यात कात्री, नखाची कानस, चिमटा सगळं येतं. लेकीलाही चालेल, पण कात्री म्हणून.

डी-टू स्टील, दमास्कस स्टील, ८सीआर१३एमओव्ही असं लिहिलेले चाकू ऑनलाइन स्वस्तात दिसतात. यातलं खरं काय नि खोटं काय? (रबाळे एमआयडीसीतला वाचक)

वा, आपल्या गल्लीतला प्रश्न. तुम्ही एमआयडीसीत आहात म्हणजे एचसीएचसीआर हे नाव ऐकलं असेलच, प्रेस टूलचा पंच आणि डाय ज्या पोलादाचे करतात ते. डी-टू हे त्याच घराण्यातलं. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. धार खूप दिवस टिकते यात वादच नाही. पण बारा टक्के क्रोमियम म्हणजे स्टेनलेस झालं असं समजू नका, एवढा कार्बन असला की बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशीच बांधलं जातं, गंज अडवायला मोकळं उरतं ते कमी. आपल्या खाडीच्या हवेत, जुलै महिन्यात, घामाने भिजलेल्या पँटच्या खिशात डी-टूवर तपकिरी ठिपके येणारच. आणि धार एकदा गेली की ती परत आणायला साध्या दगडावर जीव निघतो.

८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद, नावातच सगळं आहे, कार्बन ०.८ टक्का, क्रोमियम १३, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. नीट पाणी दिलेलं, म्हणजे भट्टीत तापवून थंड करून कडक केलेलं, असेल तर रोजच्या कामाला उत्तम, सहज धार लागते, गंजत पण फारसं नाही. सगळा खेळ त्या पाणी देण्यात आहे. पोलादाचं नाव कोणीही पात्यावर छापू शकतो, भट्टीचं तापमान आणि वेळ कोणी छापत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास असतं, चाकूवेड्या लोकांना ते मऊ वाटतं, मला नाही वाटत. मऊ आहे म्हणूनच त्याची धार चटकन परत येते आणि पडलं तर टवका उडत नाही, वाकतं.

दमास्कस म्हणजे पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेलं, लाटांसारखी नक्षी दिसणारं पातं, पण स्वस्तातल्या बऱ्याच पात्यांवर ती नक्षी वरवर कोरलेली असते. ओळखायचं सोपं आहे, पात्याची पाठ आणि धारेचा उतार बघा. खऱ्या थरांच्या पात्यात रेषा पाठीवरून आरपार गेलेल्या दिसतात, छापलेल्यात दोन्ही अंगांवर नक्षी आणि पाठ कोरी. आणि खरं दमास्कस असलं तरी ते दिसायला सुंदर एवढंच, फळ काही जास्त छान कापत नाही.

स. न. वि. वि. पुतण्याने फ्रान्सहून लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू आणून दिला, आठ नंबर. पावसाळा सुरू झाल्यापासून उघडतच नाही, नख तुटायची वेळ आली. शिवाय आंबा कापल्यापासून पातं काळं पडलं आहे. बिघडला काय? (नौपाड्यातील ज्येष्ठ वाचक)

काका, काही बिघडलेलं नाही, चाकू फार चांगला आहे, पुतण्याला पारख आहे. जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये साव्वाच्या डोंगराळ भागात तो पहिल्यांदा बनवला, तिथल्या शेतकऱ्यांसाठी. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. मूठ बीच लाकडाची आणि तिच्यात पात्यासाठी करवतीने पाडलेली चीर. आपल्या पावसात लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, आणि ती चीर पात्याला दोन्हीकडून आवळून धरते. आपल्या लाकडी दरवाजाची चौकट जुलैत अडकते ना, तेच.

उघडायची युक्ती त्यांच्याच गावची आहे. आधी गळ्याजवळची ती पत्र्याची कडी फिरवून चीर मोकळी करा, मूठ मुठीत धरा, पात्याची बाजू वर, आणि मुठीचं शेपटाकडचं टोक लाकडी टेबलावर ठकठक आपटा. पातं आपोआप थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. उघडल्यावर कडी परत फिरवून लॉक करायला विसरू नका. ही कडी १९५५ साली आली, आणि २००० सालापासून ती मिटलेल्या पात्यालाही लॉक करते, म्हणजे खिशात चुकून उघडत नाही.

कायमचा उपाय म्हणजे पाऊस नसलेल्या दिवसांत, चाकू पूर्ण कोरडा असताना, चिरेच्या आतल्या बाजूला मेण नाहीतर जवसाचं तेल पाजायचं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते धूळ धरतं. चाकू नळाखाली धुवायचा नाही आणि पाण्यात तर बुडवायचाच नाही, ओल्या फडक्याने पातं पुसायचं, लगेच कोरड्याने.

काळेपणाचं बघू. तुमचं पातं कार्बनचं आहे, पात्यावर कार्बोन लिहिलेलं दिसेल. आंबा, लिंबू, कांदा, कोकम यांच्या रसाने त्यावर निळसर राखाडी थर चढतो, तो राहू द्या, तो उलट पात्याला जपतो. आपल्या आज्यांच्या लोखंडी विळ्या अशाच काळ्या असायच्या. लाल-तपकिरी, बोटाला खरखरीत लागणारा दिसला तर तो गंज, तो मात्र भांडी घासायच्या बारीक तारेने तेल लावून लगेच काढायचा. आणि एवढं सांभाळणं नको वाटत असेल तर याच चाकूचं स्टेनलेस पातं पण येतं, इनॉक्स लिहिलेलं. ठाण्यात राहून पावसाळ्यात वापरायला मी स्वतः तेच सुचवतो. पण तुमच्या हातात आलाय तो कार्बनचा, त्याला धार फार सुरेख लागते, टाकू नका.

आमच्या ऐरोलीत सायकलवरचा धारवाला येतो, त्याच्याकडून फोल्डिंग चाकूला धार लावून घेतली तर चालेल का? घरी लावायची तर कशी, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

विळी, कोयता, कात्री त्याच्याकडे द्या, त्याचा हात बसलेला असतो. तुमचा पातळ चाकू नका देऊ. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार बघता बघता तापते, ठिणग्या उडतात, आणि धारेच्या कडेला निळसर झाक आली की समजायचं तिथलं पाणी उतरलं. मग ती जागा कितीही घासा, धार दोन दिवस पण राहत नाही. शिवाय प्रत्येक वेळी पातं दिसेल एवढं झिजतं.

घरी लावणं अवघड नाही, फक्त घाई नको. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक, सुरुवातीला तेवढा पुरे. पुढे आवड लागली तर १००० नंबरचा (नंबर मोठा तेवढा दगड बारीक) पाण्याचा दगड घ्या, आणि ३००० चा हौस म्हणून.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. आता धारेच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रेघ ओढून टाका. पातं दगडावर आडवं ठेवा आणि पाठ थोडी उचला. किती? पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून पाच मिलिमीटर वर, म्हणजे साधारण वीस अंशांचा कोन होतो. रुंदी बदलली की उंची बदलते, एवढं लक्षात ठेवा. आता धार पुढे ठेवून, दगडावरून साय काढल्यासारखं अलगद दोन-तीनदा फिरवा आणि उचलून बघा. मार्कर फक्त वरच्या बाजूने, पाठीकडे पुसला गेला असेल तर तुम्ही पाठ कमी उचलताय, फक्त धारेच्या टोकावरून गेला असेल तर जास्त. पूर्ण पट्टी स्वच्छ झाली म्हणजे कोन बरोबर. हे एकदा हाताला कळलं की मार्कर लागत नाही.

मग एकाच बाजूने घासत राहायचं, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बर येत नाही तोपर्यंत. बर म्हणजे धारेवर पलीकडे वळलेली अगदी बारीक कड, अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा हलकेच नेला की खरखर लागते. धारेच्या लांबीला बोट फिरवायचं नाही हे सांगायला नकोच. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बर लागली की बाजू बदला. बहुतेक लोक इथेच चुकतात, बर यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग तासभर घासून म्हणतात दगड चांगला नाही. दोन्ही बाजू झाल्या की जोर कमी कमी करत एकेकदा आलटून पालटून, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, धार मागे ठेवून, पाठीच्या दिशेने ओढायचं. पट्टा नसेल तर दगडावर वर्तमानपत्र गुंडाळून तेच. धार लागली का हे बघायला पिकलेला टोमॅटो घ्या, चाकू नुसता ठेवून ओढला की साल न दबता कापली गेली पाहिजे.

ते दोन चाकांतून ओढायचे झटपट शार्पनर असतात ते घरातल्या भाजीच्या सुरीला ठीक, चांगल्या चाकूला नकोत, धारेचे तुकडे काढतात.

मी डावखुरा आहे. लायनर लॉकचा मित्राचा चाकू वापरला तर बंद करताना फार विचित्र वाटलं. माझ्यासाठी काय?

विचित्र वाटणारच. लायनर लॉकमध्ये उघडं पातं मुठीच्या आतली एक पट्टी अडवून धरते, ती उजव्या अंगठ्याने बाजूला ढकलायची अशी बसवलेली असते, डाव्या हाताने ती तर्जनीने ओढावी लागते. शिवाय त्यात बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो, उजव्या हाताच्या लोकांनाही तो आधी बाजूला घ्यायची सवय लावावी लागते. लॉक हवाच असेल तर बॅक लॉक बघा, खटका मुठीच्या पाठीवर मधोमध असतो, दोन्ही हातांना सारखा. आणि पात्याला आरपार गोल भोक असलेलं मॉडेल, जे स्पायडर्को या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये आणलं, ते उघडायला दोन्ही अंगठ्यांना चालतं. खिशाची क्लिप दुसऱ्या बाजूला बदलता येते का ते दुकानातच विचारून घ्या. लॉक नको असेल तर प्रश्नच मिटला, स्लिप जॉइंट घ्या.

मुलगा अकरा वर्षांचा, येऊरला निसर्ग शिबिराला जातो. चाकू हवाय म्हणून मागे लागलाय. देऊ?

द्या, पण तुम्ही शेजारी बसून. ओपिनेलचा मुलांसाठीचा सात नंबर येतो, टोक गोल केलेलं, वर सांगितलेली ती लॉकची कडीसुद्धा असते. व्हिक्टोरिनॉक्सचाही गोल टोकाचा आहे. पहिले काही दिवस घरात, खाली बसून, काकडी आणि सुकी काडी तासायला, धार नेहमी अंगापासून लांब जाणारी, आणि दुसऱ्याला देताना मिटवून. शिबिराला न्यायचा की नाही हे शिबिरवाल्यांना विचारून ठरवा, शाळेच्या दप्तरात मात्र कधीच नाही.

विमानात आणि मेट्रोत चालतो का?

केबिनमध्ये नाही, मग विमानतळ मुंबईचं असो की आपलं नवी मुंबईचं, अगदी किल्ल्यांना लावलेला छोटासुद्धा सुरक्षेवाले काढून घेतात आणि परत मिळत नाही. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यात गुंडाळून टाका. मेट्रोला बॅग मशीनमधून जाते, धारदार वस्तू अडवतात. मॉलच्या, कोर्टाच्या, सरकारी ऑफिसच्या दारातही तेच. अशा ठिकाणी जायचं असेल त्या दिवशी चाकू घरीच, आणि निघायच्या आदल्या रात्री लॅपटॉपच्या बॅगेचा तो पुढचा छोटा कप्पा उलटा करून बघा, तिथेच राहिलेला असतो.